जुन्या मिक्स्ड मीडिया चित्रांवर परत काम करावं का? केलं तर सुरुवात कुठून करू?

पडवीतला_स्टुडिओ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा विचारतेय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

रत्नागिरीजवळ राहते. घराची मागची पडवी पत्रे आणि खिडकी लावून बंद करून घेतलीय, दहा बाय चौदाची, तोच माझा स्टुडिओ. लेक शाळेत गेली की साडेनऊ ते एक एवढा वेळ माझा. त्यानंतर उन्हाळ्यात पत्रा असा तापतो की ॲक्रिलिक ब्रशवरच वाळायला लागतं आणि पावसात बरोबर उलटं, ॲक्रिलिक जेलचा (रंगाला जाडी देणारं, चिकटवायलाही चालणारं पारदर्शक मीडियम) जाड थर दोन-दोन दिवस ओला.

२०१० ते २०१५ मध्ये मी खूप काम केलं. कॅनव्हास आणि प्लायवर कोलाज, त्यात पणजोबांच्या दुकानाच्या मोडीतल्या चोपड्यांची पानं, जुनी पंचांगं, पेपरची कात्रणं, लग्नपत्रिका, आईच्या नऊवारीचे काठ, गोणपाट, त्यावर ॲक्रिलिक आणि सगळ्यात वर तेलखडू. मुंबईत एका ग्रुप शोमध्ये अकरा लावली होती, दोन विकली गेली, नऊ परत आली. मग बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण, आणि सगळी चित्रं पोटमाळ्यावर गेली ती या मे महिन्यात खाली काढली. सदतीस निघाली.

अवस्था अशी आहे की पेपरची कात्रणं पिवळी-तपकिरी पडलीत, चार-पाच कॅनव्हासच्या पाठीवर बुरशीचे ठिपके आहेत, खळ लावून चिकटवलेल्या पत्रिकांच्या कडा कसरीने खाल्ल्यात, आणि दोन चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवली होती ती एकमेकांना चिकटून बसलीत.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. यातली आठ-दहा चित्रं बघितली की हात शिवशिवतात. मला तेव्हा काय हवं होतं ते आता दिसतंय आणि तिथे पोचायच्या आधीच मी थांबले होते. एक आहे दोन बाय तीन फुटांचं, २०१२ चं, मोडीची पानं सगळीकडे चिकटवून वर पांढरा रंग फासून टाकलाय कारण तेव्हा मला ते फार गजबजलेलं वाटलं होतं. त्यावर नवीन चित्र करावं असं रोज वाटतं आणि रोज ब्रश खाली ठेवते. ती पंचवीस-सव्वीस वर्षांची मी होते, तिच्या कामावर मी आत्ता हात फिरवायचा का? कुणी केलंय असं? आणि करायचंच ठरवलं तर तेलखडूवर ॲक्रिलिक बसेल का?

कागद_आणि_खळ

ताई, आधी तब्येत बघू, मग हक्काचं बोलू. मी पुण्यात जुने कागद आणि हस्तलिखितं दुरुस्त करण्याचं काम करतो, चित्रकार नाही, त्यामुळे मटेरियलपुरतं सांगतो.

सगळ्यात पहिले प्रत्येक चित्राचे फोटो काढा, पुढून, मागून, आणि एक फोटो अंधारात बाजूने टॉर्च मारून. बाजूच्या उजेडात कुठला कागद सुटलाय, कुठे फुगा आलाय ते लगेच कळतं, समोरून कधीच कळत नाही.

बुरशीला पाणी लावू नका, ओल्या फडक्याने तर अजिबात पुसू नका, ती पसरते. कोरड्या दिवशी अंगणात न्या, चांगला मास्क लावा, मऊ ब्रशने पाठीवरून झटका आणि सावलीत वारा लागू द्या. स्पिरिट लावायचं तर फक्त पाठीला आणि तेही हलक्या हाताने, कारण ॲक्रिलिक स्पिरिटने मऊ पडतं. आणि ते पोटमाळ्यावर परत ठेवू नका हो. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी येणारच आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याच्या खाली येतेच कुठे. भिंतीपासून चार बोटं लांब आणि जमिनीपासून वर, उभी ठेवा.

चिकटलेल्या दोघांना हेअर ड्रायर लावायचा मोह होईल, लावू नका. ॲक्रिलिक उष्णतेने चिकट होतं आणि थंडीत कडक होतं. एसी असलेल्या खोलीत रात्रभर ठेवा, मग कोपऱ्यातून नायलॉनचा बारीक धागा घालून करवतीसारखा हळूहळू ओढत न्या, कॅनव्हास वाकवू मात्र नका, गार ॲक्रिलिकला तडा जातो. यापुढे तोंडाला तोंड ठेवायचं नाही, ठेवावंच लागलं तर मध्ये बेकिंगचा सिलिकॉनवाला कागद घाला.

पेपरच्या कात्रणांचं सांगतो, न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्याचा, पिवळेपणा त्याच्या आतूनच येतो. वरून कितीही मीडियम लावा, वेग कमी होईल, थांबणार नाही. पुढे वापरायचं तर चांगल्या कागदावर लेझर झेरॉक्स काढा, टोनर पाण्याने पसरत नाही. इंकजेटची प्रिंट बहुतेक वेळा पसरते.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं टाइप करायला बसलो ते. तुमच्या पणजोबांच्या चोपड्या जर हातकागदाच्या असतील तर तो कागद चिंध्यांच्या लगद्याचा असतो आणि बोरूने काजळीच्या शाईत लिहिलेलं असेल तर ती शाई उजेडाने उडत नाही. म्हणजे तुमच्या सदतीस चित्रांतली सगळ्यात टिकाऊ गोष्ट तुम्ही पांढऱ्या रंगाखाली झाकून ठेवलीय. त्यावर अजून एक थर चढवण्याआधी त्या पानांवर काय आहे ते बघितलंय का कधी?

नीलमणी_अकोला

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. हात लावू नका. मी तीन जुनी चित्रं अशीच "सुधारली" आणि आज ती ना तेव्हाची राहिली ना आत्ताची झाली. तेव्हाचा कच्चेपणा हीच त्यातली जान होती, मी हात सफाईदार झाल्यावर ती घालवून बसलो. फोटोसुद्धा काढून ठेवले नव्हते. नवीन कॅनव्हास घ्या, तोच विषय परत करा, जुनं तसंच शेजारी ठेवा. कॅनव्हास महाग आहे हे कळतंय, तर प्लायवर करा.

रंकाळ्याकाठचा

मुली, मी कोल्हापूरचा, वय ७१, चाळीस वर्षं ड्रॉइंग मास्तरकी केली आणि संध्याकाळी आपलं स्वतःचं काम.

नीलमणी म्हणतात त्यात तथ्य आहे पण मी अर्धंच मान्य करीन. आमच्याकडे कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांची गोष्ट अजून सांगतात, शाहू महाराज १९२२ ला गेले त्यानंतर आबालालांनी दुःखाने आपली कितीतरी चित्रं तळ्यात सोडून दिली म्हणून. लहानपणी वडिलांनी मला तळ्याच्या काठावर उभं करून ती गोष्ट सांगितली होती तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती, सारखं डोळ्यापुढे यायचं की कागदावरचा रंग पाण्यात सुटतोय. तेव्हापासून मी एकही काम रागाच्या किंवा दुःखाच्या भरात मोडलेलं नाही. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवतो. वर्षभराने फिरवतो. फिरवल्यावर पहिल्या क्षणी डोळा जिथे अडखळतो तेवढंच ठिकाण धरायचं, बाकीच्याला हात नाही.

दुसरं, परत काम करायचं म्हणजे वर चढवायचंच असं का धरून चालतेस? अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे बघ. रोलरने, पॅलेट नाइफने रंग लावायचा आणि वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे दाबून तो उचलायचा, वर्षाला पाच-सहा कॅनव्हास फक्त. काढून घेणं हेही रंगवणंच आहे. तुझ्या त्या पांढऱ्या चित्राला रंग हवाय की पांढरा कमी व्हायला हवाय, याचा विचार कर.

झाकलेलं कायम झाकलेलं राहतं हाही भ्रम आहे. पिकासोचा म्हातारा गिटारवाला शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, १९०३-०४ चा, त्याच्या मानेच्या वर खालच्या जुन्या बाईचा चेहरा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तेलरंग वर्षानुवर्षांनी पारदर्शक होत जातो आणि खालचं वर येतं.

तेलखडूचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून देतो. तेलखडू कधीच पुरता वाळत नाही, त्याच्यावर ॲक्रिलिक टाकलंस तर आज बसल्यासारखं वाटेल आणि पुढे पापुद्रे सुटतील. जिथे नवीन काम करायचंय तिथला खडू नाइफने खरवड, टर्पेंटाइनच्या बोळ्याने पूस, शेवटचा बोळा स्वच्छ निघाला पाहिजे. किंवा मग वर तेलरंगच वापर, ॲक्रिलिकवर तेल चालतं, तेलावर ॲक्रिलिक चालत नाही, एवढं एक डोक्यात पक्कं ठेव.

पडवीतला_स्टुडिओ

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तळ्याची गोष्ट वाचून अंगावर काटा आला.

@कागद_आणि_खळ, नाही, मी त्या पानांवर काय लिहिलंय ते कधी वाचलंच नाही. मला मोडी येत नाही. तेव्हा मला त्या अक्षरांची वळणं आवडायची म्हणून चिकटवली, अर्थ काय असेल हे डोक्यातच आलं नाही, आणि हे लिहितानासुद्धा कसंतरी होतंय. पानं जाड आहेत, खडबडीत, शाई काळीभोर. चिकटवताना वरून ग्लॉस जेलचा एक पूर्ण थर दिला होता, पांढरा रंग त्याच्यावर आहे. तर तो काढता येईल का?

कागद_आणि_खळ

जेलचा सलग थर असेल तर आशा आहे. ३२० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून वापरायचा पॉलिश पेपर) ओला करून, कोपऱ्यात दोन बोटांएवढ्या जागी, अगदी हलक्या हाताने गोल फिरवा. कोरडं घासू नका, धूळ उडते आणि रंगातलं काय काय छातीत जातं. दर मिनिटाला पुसून बघा. चकाकी दिसायला लागली की जेल आला, तिथे थांबायचं. खालचं मोडीचं पान भिजून सुटायला लागलं तर तिथेच सोडून द्या आणि पूर्ण वाळू द्या. घाई केलीत तर अक्षरं जातील.

पडवीतला_स्टुडिओ

तीन आठवड्यांनी लिहितेय, आधी फोटो काढले, सदतीसच्या सदतीसचे, मागून-पुढून. त्यालाच पाच दिवस गेले पण त्यातच माझं मीच ठरवलं की नऊ चित्रांना हात लावायचा नाही, नीलमणी म्हणाले तसं, त्यातला कच्चेपणा मला आज हवा म्हटलं तरी जमणार नाही. चिकटलेली जोडी बहिणीच्या एसी खोलीत रात्रभर ठेवून सोडवली, एकाचा थोडा निळा दुसऱ्यावर गेलाय, तो तसाच ठेवलाय.

२०१२ च्या चित्रावर रोज तासभर एवढंच काम करते, त्याहून जास्त केलं की मनगट जड होतं आणि हात दाबायला लागतो. पहिल्या दिवशी एक ओळ बाहेर आली. सगळं पांढरं मी काढणार नाहीये, उजवीकडचा वरचा भाग ठेवलाय, तो तेव्हाच्या माझा आहे आणि त्या पांढऱ्यातून ओळी खाली उतरताना दिसतात ते मला ठरवूनसुद्धा जमलं नसतं. नवीन रंग अजून एकही लावलेला नाही. कदाचित खाली एका कडेला पातळ यलो ऑकर, बस.

गावातल्या एका निवृत्त गुरुजींना मोडी येते, त्यांना बोलावलं. ते चष्मा काढून चित्राला नाक लावून वाचत होते आणि मी शेजारी वहीत लिहून घेत होते. नारळ, सुपारी, गूळ, रॉकेल, कुणाकुणाच्या नावावर किती बाकी. एका ओळीत पणजीचं नाव आहे आणि पुढे "लुगडे १". गुरुजी परत परत तेच वाचत राहिले. मला पणजीचं नाव माहीत होतं पण कुठे लिहिलेलं कधी बघितलं नव्हतं. ती ओळ चित्राच्या डाव्या बाजूला, साधारण मध्यावर आहे आणि तिच्या बरोबर वर २०१२ मध्ये मी आईच्या नऊवारीचा काठ चिकटवलेला होता, खाली काय आहे हे माहीत नसताना.

पाठीमागे पेन्सिलीने दोन सालं घातलीत, २०१२ आणि २०२५, आणि काय काढलं, काय ठेवलं तेही दोन ओळीत लिहिलंय.

आता एक अडलंय. काठाची एक कड सुटायला लागलीय, काठातली जर (चांदीची तार) खरी आहे आणि त्या कडेखाली तेव्हाचा पांढरा गोंद कडक होऊन तुकडे पडतायत. तो खरवडून जेलने परत चिकटवू की जर काळी पडेल? कुणी जरीवर काम केलं असेल तर सांगा, तोपर्यंत मी त्या बाजूला पाणी नेत नाहीये.