गोरगट्सचा 'ऑब्स्क्यूरा' मला का रुचत नसावा?

प्रश्न (श्रोता, इंदूर)

डेथ मेटल हा रॉक संगीताचा अतिशय आक्रमक प्रकार मी पंधरा वर्षांपासून ऐकतो. 'डेथ' या बँडचे 1991चा 'ह्यूमन' आणि 1995चा 'सिम्बॉलिक' हे अल्बम मला जवळजवळ पाठ आहेत, त्यामुळे गुरगुरणाऱ्या गायकीचे किंवा वेगाचे मला वावडे नाही. मात्र कॅनडातील गोरगट्स या बँडचा 1998चा 'ऑब्स्क्यूरा', ज्याची समीक्षक इतकी वाखाणणी करतात, तो मी दोन महिन्यांत नऊ वेळा ऐकला आणि नऊही वेळा कंटाळलो. पहाटे पिपलियापाला तलावाभोवती फिरताना ऐकला, रात्री दिवे मालवूनही ऐकला. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत माझा जबडा आवळलेला असतो आणि नजर घड्याळाकडे जाते. लोखंडी कपाट फरशीवरून ओढावे तशी गिटार किंचाळते, आणि एखादी रचना हाती लागली असे वाटेपर्यंत ती मोडून पडते. माझ्या ऐकण्यात काही चुकते आहे काय?

उत्तर 1

चुकत नाही; तुम्ही 'सिम्बॉलिक'च्या अपेक्षेने ऐकता आहात. तिथे रिफ, म्हणजे गिटारचा ठरावीक छोटा तुकडा, पुन्हा येते, सुरावट लक्षात राहते. इथे दोन गिटारी एकमेकींना खेटून असलेले सूर मुद्दाम एकत्र वाजवतात, त्यामुळे तो घर्षणाचा त्रास हाच परिणाम म्हणून योजलेला आहे. शिवाय बँडचा गायक-गिटारवादक ल्यूक लेमे नेहमीच्या खोल गुरगुरीऐवजी घसा फाटल्यासारखे ओरडतो. 1993च्या अल्बमनंतर बँडचा रेकॉर्ड कंपनीशी करार राहिला नव्हता, म्हणून हे संगीत बाहेर यायला पाच वर्षे लागली. पूर्ण तासभर एका बैठकीत ऐकण्याऐवजी 'क्लाउडेड' हे एकच संथ गाणे ऐकून पाहा. आपण इंदूरकर उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या झूमरा तालातल्या अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, ख्यालाला सरावलो, तसेच हेही धीराने उलगडेल.

उत्तर 2

वरील तुलना मला पटत नाही. झूमरा 14 मात्रांचा असतो. आलाप कितीही लांबला तरी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणार याची श्रोत्याला खात्री असते, आणि त्या खात्रीमुळेच तो ऐकत थांबतो. 'ऑब्स्क्यूरा' ही खात्रीच काढून घेतो. त्यामुळे धीर धरल्यास आवडेलच, असे सांगणे म्हणजे प्रश्नकर्त्यालाच दोष देणे होय. दुसरे असे की, समीक्षकांना महिन्याकाठी शेकडो सारख्याच धाटणीचे अल्बम ऐकावे लागतात, त्यामुळे चाकोरी मोडणाऱ्याला ते अधिक दाद देतात. तुम्हाला तो शीण आलेलाच नाही, मग त्यावरचा उतारा तुम्हाला का भावावा? आणि तुम्ही मोजणी ठेवून ऐकता, हे मला विशेष खटकले. गृहपाठाच्या वहीत संगीत रुचत नाही.

उत्तर 3

वाद बाजूला ठेवून एक सूचना करतो. लेमे याने संगीतरचनेचे रीतसर शिक्षण घेतले आहे, हे 2013च्या 'कलर्ड सँड्स'मध्ये अधिक स्पष्ट दिसते. तो अल्बम तिबेटविषयी असून त्यात 'द बॅटल ऑफ चामदो' ही केवळ तंतुवाद्यांची रचना आहे. तिथे ना ड्रम आहेत ना ओरडणे. तीच बेसूर घासाघीस गिटारीऐवजी व्हायोलिनवर ऐकली की ती कशाने बनली आहे ते कळते. आवडेलच असे नाही.

प्रश्नकर्ता

तिघांचेही आभार. मोजणीचा टोमणा योग्य ठिकाणी बसला. वहीत खरोखरच नऊ फुल्या होत्या. 'क्लाउडेड' पुन्हा ऐकले आणि ते सरळ नावडले, निदान आता ते का नावडते हे सांगता येते: त्या संथपणात मला भय जाणवते, ओढ जाणवत नाही. चामदो मात्र काल सकाळी स्वयंपाकघरात लावले होते. पोह्यांवर शेव घालता घालता आई म्हणाली, "कुणी गेलंय का या गाण्यात?" तिबेटमधील चामदोच्या 1950च्या लढाईविषयी तिला काहीच ठाऊक नव्हते. तेवढा एक तुकडा मी ठेवून घेतला आहे, बाकीचा अल्बम फोनवरून काढून टाकला.