हिस्टॉरिक लिहू की हिस्टॉरिकल? प्रदर्शनाच्या पाट्या अडल्यात

दांडियाबाजारकर:
यंदा गणपतीत आमचं मंडळ जुन्या बडोद्याचं प्रदर्शन मांडतंय. प्रत्येक फोटोखाली मराठी, गुजराती आणि इंग्रजी ओळ हवी. मराठी-गुजरातीत 'ऐतिहासिक' म्हटलं की झालं. इंग्रजीत गाडी अडली. आमच्यातले निम्मे म्हणतात, दोन्ही शब्द सारखेच, काहीही टाका. मला ते पटत नाही. सयाजीराव महाराजांच्या शिक्षणाच्या हुकुमाखाली भलताच शब्द नको. रावपुऱ्यातल्या एका पेढीचं जुनं चोपडं आणि लक्ष्मीविलास राजवाडा यांनाही ओळी हव्यात. फ्लेक्सवाला घाई करतोय.

कारेलीबागच्या_बाई:
सारखे अजिबात नाहीत, तुमचं बरोबर आहे. वर्गात मी एवढंच विचारायचे: ही गोष्ट इतिहासात मोठी ठरली, की नुसती जुन्या काळाची आहे? मोठी ठरली तर हिस्टॉरिक. जुन्या काळाची किंवा इतिहासाशी संबंधित असेल तर हिस्टॉरिकल.

पेढीच्या चोपड्यात तेला-तुपाचे हिशेब असणार. ते हिस्टॉरिकल रेकॉर्ड. अभ्यासकाला मोलाचं, पण त्यानं राज्याचं काही बदललं नाही.

हुकुमाचं मात्र नीट बघा. महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर नेला. तो निर्णय हिस्टॉरिक. पण तुमच्या फोटोत दिसतो तो कागद, त्याला हिस्टॉरिकल डॉक्युमेंट म्हणणं अगदी योग्य. एकाच पाटीवर दोन्ही शब्द येऊ शकतात, आणि यावेत असं मला मनापासून वाटतं. पोरं वाचतील तेव्हा फरक आपोआप कळेल.

कमाटी बागेतली संकल्पभूमी घेतली नसेल तर जरूर घ्या. १९१७ मध्ये बाबासाहेबांना या शहरात राहायला जागा मिळेना, तेव्हा त्यांनी तिथं झाडाखाली बसून केलेला संकल्प. तिथं हिस्टॉरिकच, दुसरा विचार नको.

आणि कादंबरी कितीही गाजलेली असो, ती हिस्टॉरिकल नॉव्हेलच.

सयाजीगंज_वाचक:
बाईंशी सहमत, फक्त एक भर. इमारतींच्या बाबतीत इंग्रज मंडळी हिस्टॉरिक सढळ हातानं वापरतात. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या तिकडच्या सरकारी संस्थेचं नावच 'हिस्टॉरिक इंग्लंड' आहे. त्यामुळे जुनं, जपण्यासारखं घर हिस्टॉरिक हाऊस म्हटलं तरी चालतं, तिथं लढाई किंवा तह झालेला असायलाच हवा असं नाही. लक्ष्मीविलासचा तर प्रश्नच नाही. चार्ल्स मँटनं आराखडा केला, त्याच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझमनं काम पुरं केलं, १८९० मध्ये वाडा उभा राहिला. बिनधास्त हिस्टॉरिक पॅलेस लिहा.

पूर्वी इंग्रजीतही हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास यायचे. तुमच्या मंडळातले लोक अगदीच हवेत बोलत नाहीयेत, पण आज फरक पाळलेला बरा.

दांडियाबाजारकर:
दोघांचे मनापासून आभार. चोपड्याला हिस्टॉरिकल, वाड्याला हिस्टॉरिक, हुकुमाला बाई म्हणतात तसे दोन्ही. संकल्पभूमीचा फोटो उद्या सकाळीच काढून आणतो. एक शेवटचं: आधी 'अ' की 'ॲन'?

कारेलीबागच्या_बाई:
'अ हिस्टॉरिक डिसिजन'. 'ह' स्वच्छ उच्चारतो ना आपण? मग 'अ'. 'ॲन' जुन्या पुस्तकांत दिसेल, पण पाटीवर नको. आणि छापायला देण्याआधी मजकूर इथं टाका, मी वाचून देते.