अनुभव धागा: सलूनवरच्या सिनेमाला कोण हसलं, कोण नाही?

गेल्या रविवारी नौपाड्यात नेहमीच्या सलूनमध्ये नंबर लावून बसलो होतो. टीव्हीवर 'बिल्लू' लागला होता. इरफानच्या त्या मोडक्या दुकानाला बाकावरचे आम्ही चौघं हसत होतो, कात्री चालवणारे तिघं कारागीर मात्र एकदाही नाहीत. एकाने तर रिमोट घेऊन बातम्या लावल्या. तेव्हापासून डोक्यात किडा आहे. सलूनवरचे विनोदी सिनेमे तुम्ही कुणासोबत पाहिलेत, काय आवडलं, काय टोचलं? समीक्षकांचंही लिहा, पण आधी स्वतःचं.

वर्तकनगर, सलून चालवतो

आज सोमवार, दुकान बंद, म्हणून सवडीने लिहितो. २००९ मध्ये वडील दुकान सांभाळायचे, माझा हात नुकता बसत होता. सिनेमाचं नाव आधी 'बिल्लू बार्बर' होतं. सलूनवाल्यांच्या संघटनेने 'बार्बर' शब्दाला हरकत घेतली आणि निर्माता शाहरुखने आयत्या वेळी तो काढून टाकला. पोस्टरवर झाकलेला शब्द मी पाहिलाय. गिऱ्हाइकं म्हणायची, "एवढं काय त्यात? न्हाव्याला न्हावी नाही म्हणायचं तर काय?" वडील उत्तर द्यायचे नाहीत. खुर्चीवरचं कापड झटकायचे, जरा जोरात. 'बिनपाण्याने हजामत केली त्याची' हे लोक आमच्याच खुर्चीत बसून फोनवर बोलतात हो, मागे कोण उभं आहे याचं भानही नसतं.

सिनेमा नंतर पाहिला. सुपरस्टार मित्राशी गाठ घालून देईल म्हणून सावकार बिल्लूला नवी खुर्ची देतो आणि ते काम होईना म्हटल्यावर उचलून नेतो. तिथे थिएटरात हशा पिकला. आमच्या दुकानातली एक खुर्ची तेव्हा हप्त्यावर होती.

घोडबंदर रोड

समीक्षकांचं एका वाक्यात: इरफानचं कौतुक झालं, मध्येमध्ये घुसवलेल्या नट्यांच्या गाण्यांवरून नाकं मुरडली गेली. माझंही तेच. बाकी मी मध्यांतरानंतर डुलकी काढली.

कोपरखैरणे

मी पाहिला तो २००२चा 'बार्बरशॉप'. शिकागोच्या साउथ साइडमधलं दुकान, त्यातला एकच दिवस. बापाकडून आलेलं दुकान पोराला नकोसं झालंय, ते तो सावकाराला विकून बसतो आणि मग पस्तावतो. सुमारे १.२ कोटी डॉलरच्या या सिनेमाने अमेरिकेतच साडेसात कोटी कमावले, समीक्षकही बहुतेक खूश होते. पण दुकानातला म्हातारा एडी रोझा पार्क्स, मार्टिन ल्यूथर किंग, कुणालाच सोडत नाही. वर्णभेदाच्या काळात बसमध्ये गोऱ्या माणसासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझाबाई नुसत्या बसून तर राहिल्या, असा त्याचा सूर. कृष्णवर्णीयांचे नेते जेसी जॅक्सन यांनी ते संवाद कापायची मागणी केली. निर्मात्यांनी माफी मागितली, संवाद मात्र तसेच राहिले. एडी रंगवणारा नट सेड्रिक २००३च्या एनएएसीपी (कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना) इमेज पुरस्कारांचं सूत्रसंचालन करणार म्हटल्यावर रोझा पार्क्स सोहळ्याला गेल्याच नाहीत.

माझं मत विचाराल तर, त्या प्रसंगात सगळं दुकान एडीच्या अंगावर धावून जातं, हे ओरडणाऱ्यांनी पाहिलंच नाही. पण नव्वदीला आलेल्या बाईंना ते कोण समजावणार, आणि त्यांनी का समजून घ्यावं?

आमच्या सेक्टरमध्येही एक एडीकाका आहेत. अर्धं ब्लेड घातलेला वस्तरा गळ्याशी धरून ते गांधी, नेहरू, सावरकर सगळ्यांचा हिशेब चुकता करतात. अशा वेळी मान ना होकारार्थी हलवता येते, ना नकारार्थी.

ऐरोली, पार्लरवाली

'ब्युटी शॉप' (२००५) मुलीने लावून दिला. क्वीन लतीफा अटलांटात स्वतःचं पार्लर काढते. लतीफा मस्तच, पण एक सांगू? त्यात पार्लरवाल्या सारख्या बोलतात. आमच्याकडे भुवया करताना दोऱ्याचं एक टोक दातात असतं. बोलते ती गिऱ्हाईक. सासू, जाऊ, सोसायटीचं मेंटेनन्स, सगळं. आम्ही नुसतं "हं". कधी एखादीने असं काही सांगितलं की हात थांबतो, तर तीच म्हणते, "ताई, दुसरी भुवई राहिली." यावर सिनेमा काढा कुणीतरी, निम्मी ऐरोली ओळखीची निघेल.

वर्तकनगर

कोपरखैरणेकर, गळ्याशी वस्तरा असताना गप्प राहायचं हे आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवतात. काकांना कुणी बोलत नाही म्हणून चाललंय. आणि नौपाडेकर, रिमोट घेणाऱ्याला विचारलंत का, की स्वतःच अर्थ लावताय?

नौपाडा

विचारलं. आज बंद असतं म्हणून फोन केला. म्हणाला, "साहेब, सारखाच लागतो तो. पुढचं सगळं पाठ आहे. आणि तुम्ही हसताना मान हलवता, कलम वाकडं जातं."