रविवारच्या बसचं : गोळेश्वर आधी की ‘वेळ उरला तर’?

नाना (ए-३०२): सेक्रेटरी साहेब, आत्ता खाली बोर्डावर सहलीचा नवा कागद पाहिला. मी दिलेल्या कागदात पहिला थांबा गोळेश्वर होता. आता आधी अंबाबाई, मग रंकाळा, मग महाद्वार रोडला खरेदी. गोळेश्वर सगळ्यात खाली, पुढे कंसात ‘वेळ उरला तर’. हे कोणी बदललं?

सेक्रेटरी: नमस्कार नाना. मीटिंगमध्ये ठरलं. तुम्ही नव्हतात. बऱ्याच जणांची दर्शनाची इच्छा होती. तुमच्या थांब्याचा आदर आहेच.

नाना (ए-३०२): हिला डोळ्याच्या ऑपरेशनला नेलं होतं, तसं तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. आणि ‘तुमचा थांबा’ म्हणू नका. सहल काढायची कल्पनाच पैलवान खाशाबांच्या गावासाठी होती. मुलांसाठी होती.

सी-५०१: बस रात्री बी विंगच्या गेटसमोर लावू नये. गणपतीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

माई (बी-१०४): वहिनींचा डोळा कसा आहे ते आधी सांगा हो नाना.

नाना (ए-३०२): बरा आहे माई. उद्या पट्टी काढतील.

मंदार (डी-२०१): एक साधा प्रश्न. जेवण कोल्हापुरात ना? तांबडा-पांढरा चुकला तर मी माझे ८५० परत घेणार 😄

कमिटी खजिनदार: पैसे परत मिळणार नाहीत. भीमाशंकरच्या वेळी परत दिले आणि अजून हिशेब जुळत नाही. कोणामुळे ते इथे लिहीत नाही.

मंदार (डी-२०१): लिहा की. मी तेव्हाच जीपे केलं होतं, स्क्रीनशॉट आहे.

नाना (ए-३०२): भीमाशंकर नंतर. मुलांसाठी लिहितो, मोठ्यांनीही वाचा. खाशाबा जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर, कराडला लागून. १९४८ला लंडन ऑलिंपिकला कुस्तीत सहावे आले. तोवर सगळी कुस्ती लाल मातीतली, मॅट तिथेच पहिल्यांदा पायाखाली आली. १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. राहतं घर! पोरगा ब्राँझ घेऊन आला. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. आल्यावर कुस्तीचं मैदान भरवलं, स्वतः लढले, जिंकले आणि ती रक्कम घर सोडवायला दिली. अशा माणसाच्या दारात आपण ‘वेळ उरला तर’ जाणार?

जोशी सर (डी-४०३): किंचित दुरुस्ती. ‘स्वतंत्र भारताचं’ हे शब्द महत्त्वाचे. १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी भारताच्या नावावर दोन रौप्यपदकं मिळवली होती.

नाना (ए-३०२): सर, ते शब्द मी लिहिलेच आहेत. परत वाचा.

जोशी सर (डी-४०३): वाचले. मुलांचा गोंधळ होऊ नये म्हणून लिहिलं.

आर्या (बी-७०३): नाना आजोबा, पण हेलसिंकीत गोल्ड का नाही मिळालं?

नाना (ए-३०२): जपानच्या इशीबरोबर बराच वेळ कुस्ती चालली, ती गेली. गोल्ड इशीलाच मिळालं. ती संपते न संपते तोच सोव्हिएत मल्लासमोर उभं राहायला सांगितलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. दमलेल्या अंगाने उतरले. बेटा, माझा जीव तिथे अडकतो. माणूस हरला म्हणून नव्हे, त्याच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं म्हणून.

सी-५०१: बसचं काय ठरलं? बी विंगच्या गेटसमोर नको.

सेक्रेटरी: नाना, भावना समजतात. पण ३४ जणांचं मन राखायचं आहे. संध्याकाळी परतीच्या वाटेवर गोळेश्वर होईलच की. कराड वाटेतच आहे.

विनय (ए-६०१): सेक्रेटरी काका, स्पष्ट बोलतो, राग नसावा. माझं सासर कराडचं, दर महिन्याला जाणं होतं. साताऱ्याच्या पुढे कोल्हापूरपर्यंत रस्त्याचं काम चालू आहे, जागोजागी डायव्हर्जन. रविवारी संध्याकाळी सगळी गर्दी पुण्याकडे. चारला कोल्हापूर सोडायचं म्हटलं तर बायकामंडळींची चप्पल खरेदी धरून साडेपाच होतात. कराडला पोचेपर्यंत अंधार. मुलं झोपलेली असतील. थांबणार कोण? त्यापेक्षा पहाटे निघा, वाटेत नाश्ता, नऊ-साडेनऊला गोळेश्वर.

वहिनी (ए-५०४): चप्पल खरेदी फक्त बायकाच करतात का? मागच्या खेपेला तीन जोड कोणी घेतले ते विनय भावजींनीच सांगावं 😀

विनय (ए-६०१): माघार 🙏

मंदार (डी-२०१): नाश्ता म्हणजे मिसळ?

जोशी सर (डी-४०३): सकाळी बसमध्ये मिसळ नको. भीमाशंकर आठवा.

खजिनदार: पुन्हा भीमाशंकर!

आर्या (बी-७०३): माझी एक रिक्वेस्ट. मी एअर रायफल शिकते, बालेवाडीला जाते. स्वप्नील कुसाळे सरांचं गाव कांबळवाडी पण कोल्हापूर जिल्ह्यातच आहे. पॅरिस २०२४, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, ब्राँझ, ४५१.४. १९५२ नंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक मेडल एकदम ७२ वर्षांनी. तिकडे पण जाऊ या ना?

नाना (ए-३०२): शाब्बास. पण राधानगरी तालुका एका दिवसात बसत नाही. त्याची वेगळी सहल काढू, मी स्वतः येईन.

सेक्रेटरी: नाना, ही सहल आधी पार पडू दे 🙏

नाना (ए-३०२): पार पडावी म्हणूनच जीव तोडून लिहितोय. एक सांगतो, मग तुम्ही ठरवा. माझे वडील कराडच्या टिळक हायस्कूलचे. खाशाबाही तिथलेच. १९५२ला वडील अकरा वर्षांचे. मिरवणुकीला शंभरावर बैलगाड्या. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, ढोल, लेझीम. माणसांत काही दिसेना म्हणून वडील चिंचेवर चढले. त्यांना वाटलं, ऑलिंपिकवाला म्हणजे डोंगराएवढा गडी असणार. गाडीत एक उंचापुरा पैलवान उभा होता, हे त्यालाच हात करत राहिले. शेजारचा म्हणाला, अरे तो नव्हे, त्याच्या पलीकडे, हारांत बुडालेला. उंची साडेपाच फुटांच्या आसपास. हारांमुळे नुसते डोळे आणि कपाळ दिसत होतं. वडिलांनी ते कपाळ आम्हाला शंभर वेळा सांगितलं. शेवटच्या आजारपणात सुद्धा. मला एकदा गोळेश्वरला घेऊन जा म्हणाले होते. नेऊ, नेऊ म्हणत राहिलो. राहून गेलं.

माई (बी-१०४): नाना 🙏

सी-५०१: बस गेटसमोर लावू नये.

वहिनी (ए-५०४): अहो सी-५०१, जरा थांबा की. कळलंय सगळ्यांना.

सी-५०१: कळलं असेल तर उत्तर द्या. गणपतीत ॲम्ब्युलन्स वीस मिनिटं बाहेर उभी होती. आत माझी आई होती.

(बराच वेळ कोणाचा मेसेज नाही.)

सेक्रेटरी: बस मागच्या रस्त्याला, दूध डेअरीपाशी उभी राहील. आवारात येणारच नाही. ड्रायव्हरला आत्ता सांगितलं. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं, चुकलं.

सी-५०१: आभारी आहे.

माई (बी-१०४): आता माझं ऐका. दर्शनाचा आग्रह माझाच होता, उगाच सेक्रेटरींना बोल नको. रविवारी रांग मोठी असते, माझे गुडघे काही तेवढं उभं राहू देत नाहीत. मी मुखदर्शन घेईन, ते दुपारी झालं तरी चालेल. रंकाळा काढा. तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्याऐवजी नानांचं ते कुस्तीचं मैदान.

नाना (ए-३०२): खासबाग, माई. शाहू महाराजांनी १९१२ला बांधून घेतलं. मधला हौद कुठूनही बसलात तरी दिसतो. एखादी तालीम आतून पाहायला मिळते का तेही बघतो. मुलांना माती हातात घेऊन बघू दे. तालमीच्या मातीत ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर घालतात, तिचा वास वेगळाच असतो.

जोशी सर (डी-४०३): खासबाग रोमच्या कलोसियमवरून सुचलं असं म्हणतात. हे मुलांना सांगायला हरकत नाही.

नाना (ए-३०२): सर, ते तुम्हीच सांगा. बसमध्ये माईक तुमच्याकडे.

जोशी सर (डी-४०३): अवश्य.

मंदार (डी-२०१): खंबाटकी येईपर्यंत तरी झोपू द्या सर 🙏

सेक्रेटरी: नवा कागद लावतो. पहाटे पावणेपाचला डेअरीपाशी. गोळेश्वर, कराडला प्रीतिसंगमावर अर्धा तास, मग कोल्हापूर : जेवण, अंबाबाई, खासबाग. खरेदी चाळीस मिनिटं, घड्याळ लावून. कोणाला हरकत असेल तर आज रात्री दहापर्यंत.

खजिनदार: हरकत नाही. मंदारचा स्क्रीनशॉट मात्र पाठवावा.

नाना (ए-३०२): मुलांच्या आईवडिलांना विनंती. पांढरे बूट-मोजे नकोत, लाल माती निघत नाही. गोळेश्वरला खाशाबांच्या घराचं नाव ‘ऑलिंपिक निवास’ आहे. बाहेरूनच पाहायचं, घरच्यांना त्रास द्यायचा नाही, दारात आरडाओरडा नको. हार मी आणतोय, गावात त्यांचं स्मारक आहे तिथे घालायला. एकच मोठा. आर्याने घालावा असं मला वाटतं.

आर्या (बी-७०३): मी?? हो आजोबा. चालेल. नक्की.

सी-५०१: दोन जागा शिल्लक आहेत का? आई म्हणते तिला बसवेल.

सेक्रेटरी: पुढच्या दोन, ड्रायव्हरच्या मागच्या. नावं लिहिली.