प्रति: आवाजाच्या सेटिंगमधली न कळणारी नावं

लिनक्सच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पीकरची नावं कळत नाहीत, या तक्रारीवर वर कुणीतरी म्हटलंय, ‘नावं चिपवरूनच येतात, डेस्कटॉप (म्हणजे सेटिंग दाखवणारा भाग) काय करणार?’ ते मला पटत नाही. आईच्या लिनक्सवर स्पीकरच्या जागी ‘फॅमिली १७एच एचडी ऑडिओ कंट्रोलर’ असं दिसायचं. ‘फॅमिली १७एच’ ही एएमडी कंपनीच्या झेन प्रोसेसरची खूण. त्यावरून बिचारीने स्पीकर कसा ओळखायचा? एचडीएमआय केबलने जोडलेल्या मॉनिटरचं नाव ग्राफिक्स ड्रायव्हरकडून साउंड ड्रायव्हरपर्यंत पोचतं, मग तेच ठळक दाखवा ना.

लिनक्सवर आवाज हाताळणारा पाइपवायर प्रोग्रॅम असेल तर त्याच्या सोबतच्या वायरप्लंबर या व्यवस्थापक प्रोग्रॅमच्या नियमात डिव्हाइसचं वर्णन बदलता येतं. मी ‘टेबलावरचे स्पीकर’ असं केलं. तेव्हापासून व्हिडिओ कॉलच्या आधी ‘आवाज येत नाहीये रे’ म्हणून येणारा तिचा फोन थांबला. पण त्यासाठी कॉन्फिग फाइल (हे नियम लिहायची फाइल) उघडायला लागू नये. विंडोजमध्ये आहे तशी नाव बदलायची सोय सेटिंगमध्येच हवी.