शब्दचर्चा : कूलंटची 'एअर काढणे'

गाडीच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतोय. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदलल्यावर सिस्टीम 'ब्लीड' करतात, म्हणजे आत अडकलेली हवा बाहेर काढतात, त्याला काय लिहावं? 'हवा काढणे' म्हटलं तर वाचणारा टायरकडे जाईल. शिवाय हे काम एकट्यानं करायचं आहे.

— वायुनिःसारण.

— वायुनिःसारण वाचून कोणी पाना हातात घेणार नाही हो! गॅरेजात 'एअर काढ' म्हणतात. टायरमधली ती हवा, पाइपातली ती एअर. डिझेल लाइन, ब्रेक, कूलंट, सगळीकडे एअरच. अडकली की 'एअर धरली'. विहिरीवरची मोटार मात्र 'हवा धरते'. तिथे टायर नसल्यानं घोळ होत नाही.

— गाड्यांचंच काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो. ब्रेकची एअर काढताना एक जण पेडल दाबतो, दुसरा चाकाशी निपल (एअर बाहेर सोडायची छोटी तोटी) सैल करतो. कूलंटमधली एअर आपणहून वर येते, तिला फक्त वाट द्यायची. म्हणून 'एअर निघू द्या' हे जास्त नेमकं, आणि दुसरा माणूस का लागत नाही तेही त्यातच आलं.

इंजिन पूर्ण थंड हवं. गाडीचं तोंड चढाकडे, हँडब्रेक ओढलेला, चाकांमागे दगड. रेडिएटरचं झाकण काढून तिथे घट्ट बसणारं नरसाळं लावा आणि ते कूलंटनं अर्धं भरा. हीटर फुल गरमवर ठेवून गाडी चालू करून आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) सोडा. थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, बहुतेक गाड्यांत ८२ ते ९० अंशांच्या आसपास उघडतो. रेडिएटरचा वरचा होज पाइप तापला की तो उघडला असं समजायचं. मग नरसाळ्यात बुडबुडे येतात, मध्येच एक मोठा 'डब्' आवाज होतो आणि पातळी झपकन खाली जाते. तेवढं कूलंट वर घाला. जाड हातमोजा घालून, फॅनपासून हात लांब ठेवून वरचा पाइप अधूनमधून दाबा. बुडबुडे थांबले आणि हीटरचा वारा कडक गरम आला की झालं. नरसाळं मात्र इंजिन थंड झाल्यावरच काढा.

आणि कूलंट सांडलं तर लगेच पुसा. ते चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटतात.

— झकास. मग एअर सोडायला काही गाड्यांत असतो त्या 'ब्लीड स्क्रू'ला 'एअर स्क्रू' लिहू?

— नको, एअर स्क्रू कार्बोरेटरला असतो. लोक भलताच पिळतील. 'ब्लीड स्क्रू'च ठेवा.