मदत हवी आहे: घरातलं बिबट्याचं कातडं आणि सांबरशिंगं जमा केली तर वनखातं त्यांचा लिलाव करतं का?

माचीवरची:
नमस्कार मंडळी. वाड्याची वाटणी चालू आहे आणि घोडं अडलंय ते दिवाणखान्यातल्या भिंतीपाशी. तिथे बिबट्याचं एक कातडं आणि सांबरशिंगांच्या दोन जोड्या आहेत. पणजोबांना शिकारीचा नाद होता. कातड्याचं आणि एका जोडीचं मालकी प्रमाणपत्र काकांच्या नावावर आहे, दुसऱ्या जोडीचा कागद कुठेच नाही. काकांना जाऊन दोन महिने होत आले.

चुलतभाऊ म्हणतो, "वनखात्याला देऊन टाकू. जप्त नि बेवारस मालाचा ते लिलाव करतातच. तेव्हा बोली लावून परत घेऊ, पावती मिळाली की माल एक नंबरचा." तो लाकडाच्या धंद्यात आहे, बल्लारशाच्या डेपोवर त्याचं जाणंयेणं असतं, त्यामुळे घरात त्याचाच शब्द चालतो. मला काही हे पटत नाहीये. खरंच असा लिलाव होतो? विकायची हौस नाही, फक्त दारात पोलीस नकोत.

निवृत्त_रेंजर:
ताई, भाऊ लाकडापुरता बरोबर आहे. लाकडाला भारतीय वन अधिनियम, १९२७ लागतो. चोरटी तोड पकडली की माल जप्त, मग सरकारजमा, मग लिलाव. पुरात वाहून आलेल्या बेवारस ओंडक्यांचीसुद्धा त्यात सोय आहे: नोटीस काढायची, हक्क सांगायला किमान दोन महिने द्यायचे, कोणी फिरकलं नाही तर लाकूड सरकारचं. आंध्र प्रदेशने जप्त रक्तचंदन असंच ई-लिलावात विकलं. पण ते झाड साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा करार) परिशिष्ट दोनमध्ये आहे, त्यामुळे माल परदेशी पाठवायला केंद्राची खास परवानगी लागली.

कातडं आणि शिंगं यांचा कायदा वेगळा, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. त्याच्या कलम ३९ खाली सरकारकडे आलेल्या वस्तूचा लिलाव नाही, व्यापारी विक्री नाही आणि विल्हेवाटीत कोणाला मालकी प्रमाणपत्रही द्यायचं नाही. २०२२च्या दुरुस्तीत हे स्पष्ट शब्दांत आलं आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालं. आसामने २०२१ मध्ये बोकाखातला गेंड्याची २,४७९ शिंगं जाळली, ती काय गिऱ्हाईक मिळत नव्हतं म्हणून? तेव्हा बोली लावून परत घेण्याचा बेत सोडाच. एकदा दिलं की गेलं.

खोडसाळ_बोका:
रात्री गुपचूप विहिरीत टाका, वाटणीचा प्रश्नही मिटला. 😀

निवृत्त_रेंजर:
बोकोबा, सरकारी मालमत्ता नष्ट करणं हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. बिबट्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे कायद्यातल्या सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतो, तिथे शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात.

कोकणकडा:
अवांतर: आमच्याकडे मोरपिसांचा पंखा आहे. तोही द्यायचा का?

निवृत्त_रेंजर:
मोराच्या शेपटीच्या पिसांना कायद्यातच सूट आहे. शिकार करून उपटलेली नसावीत एवढंच.

माचीवरची:
रेंजरकाका, खूप आभार. मग कागद असलेल्या वस्तूंचं काय करू, आणि नसलेल्या जोडीचं?

निवृत्त_रेंजर:
कागद असलेल्या वस्तू विकता येत नाहीत, पण वारसाने येऊ शकतात. वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणापत्र द्यावं लागतं. तुमच्याकडे महिनाच उरलाय, त्यामुळे वाटणी तुटेपर्यंत थांबू नका. वस्तूवर खात्याची ओळखखूण असेल तर ती प्रमाणपत्राशी ताडून बघा. ठेवायचंच नसेल तर कलम ४२-अ आहे: सात कामाच्या दिवसांची नोटीस द्या आणि वस्तू जमा करा. प्रमाणपत्र रद्द होतं, मोबदला शून्य. भावाला ही ओळ मोठ्याने वाचून दाखवा.

बिनकागदाची जोडी अवघड आहे. नोंदणीची संधी १९७२ नंतर होती, २००३ मध्ये पुन्हा १८० दिवसांची दिली होती. दोन्ही वेळा ती सुटलेली दिसते. आता ती घरात ठेवता येणार नाही. अशी वस्तू ताब्यात आल्यापासून ४८ तासांत कळवायचं असतं. ताबा नेमका कधी आला यावर वकील खुशाल वाद घालू देत, तुम्ही वकिलाला दाखवून उद्याच लेखी अर्ज द्या.

माचीवरची:
अर्ज नागपूरला पाठवायचा की इथेच? आणि जोडी सोबत नेऊ का?

निवृत्त_रेंजर:
इथेच, उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात. प्रत नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांना. शिंगं पिशवीत घालून एसटीने नेऊ नका, वाटेत कोणी तपासलं तर सांगत बसाल. ती भिंतीवरच राहू देत, फोटो अर्जाला जोडा आणि पंचनाम्याला या म्हणावं. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.